पाच रुपये किलो

मितूची सायकल नागपूरहून आली, तिसऱ्या हाताची,
निळ्या रंगाखाली कुणाचं तरी नाव खरवडलेलं.
फ्रेम हलकी. वाकलेलं हँडल तिला फार आवडतं.
चाकं मात्र लोखंडी;
मधल्या कुणीतरी चांगली काढून घेतली असावीत.

ढवळे सर म्हणाले, शर्यतीला सात आठवडे आहेत,
पोरीच्या पायात दम आहे, चाकांचं तेवढं बघा.
बघा म्हणजे पैशांचं बघा.

गिरणीत बसून मी मोबाईलवर बघितलं.
काळी, चकचकीत, कार्बनची जोडी : बावीस हजार.
माझा दर पाच रुपये किलो.
म्हणजे चव्वेचाळीस क्विंटल,
कुणाची ज्वारी, कुणाचा गहू,
कुणाची चाळायची राहून गेलेली डाळ,
आणि तरी त्या चाकांवर अजून टायर नाहीत.
मितूला मी हे सांगितलं नाही.
तिला वाटलं, मी रंग बघते आहे.

वरूडला कय्यूमभाईंनी सायकल उलटी केली,
चाकाला झटका दिला, रिमपाशी नख धरलं.
नख लागे, सुटे, लागे.
"आऊट तं हाय. थो निंघते. वजन निंघत नाही.
ताई, वजन मधात असलं तं चालते,
कडेले असलं का पोरीच्या पायावर येते."

हे मला शिकवायला नको होतं.
दगड सुरू होताना पट्टा कसा कण्हतो
आणि बटण बंद केल्यावरही
तोच दगड मूठभर दाणे कसा दळून जातो,
अकरा वर्षं ऐकते आहे.

नवी ॲल्युमिनियमची अडतीसशेला.
दुसरी एक जोडी होती, अमरावतीच्या कुणा पोराची,
नोकरी लागली, सायकल सुटली.
सव्वीसशे. एक तार वेगळ्या रंगाची.
कय्यूमभाई म्हणाले, घेऊन जा, पाहून सांगा.

आम्ही ती गिरणीच्या काट्यावर ठेवली.
जुनं मागचं : दोन किलो तीनशे.
हे : दीड किलो.
मितूने पिंपातून ज्वारी घेतली,
आठशे ग्रॅम भरेपर्यंत ओतत राहिली,
मग ती फ्रॉकच्या घोळात घेऊन उभी राहिली.
"मा, एवढं मी रोज उगीच फिरवत होती?"

टायरवरून मात्र भांडण झालं.
तिला पाहिजे होते बारीक, लाल काठाचे,
करंगळीएवढे.
आमच्या पांदणीत दोन्हीकडे बाभूळ,
कुंपणं बदलली की काटे रस्त्यावरच पडतात,
आणि दुपारी डांबर असं तापतं
की उभ्या सायकलची ट्यूब फुटते.
मी जरा जाड घेतले, नऊशेची जोडी.
छर्रे आणि ग्रीसचे साठ.
एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली,
संत्र्यांचे ट्रक मोजल्यासारखं करत.
मी तिकिटाच्या मागे हिशेब लिहिला :
सातशे बारा किलो.
मग तिकीट दुमडून ठेवलं.

दोन दिवसांनी बोलली.
"जाड आहेत, पण गपचूप चालतात," म्हणाली,
एवढंच.

रात्री लाईट गेली. ती झोपली होती.
सायकल उलटी करून मी मागचं चाक फिरवलं.
बंद गिरणीत एरवी कानात गुणगुण राहते,
तीही थांबली.
बोटं जवळ धरली तर वारा लागत होता,
पिठाचा वास असलेला, बारीक.
मी आकडे मोजू लागले. किती मोजायचे, ठरवलं नव्हतं.
शंभराच्या पुढे कुठेतरी
लाईट आली, आणि दारात गंगूबाई, डबा घेऊन :
"आता सुरू हाय तं दळून दे वो,
सकाळी पाहुणे हायत."

मी चाकाला हात लावला नाही.
डबा काट्यावर ठेवला. तीन किलो दोनशे.
सोळा रुपये.